दुसऱ्यांच्या पोरींची ढाल

धाड, १४ ऑगस्ट १९६६

बाबांस,

हे पत्र मी टाकणार नाही, पण लिहिल्याशिवाय घास उतरायचा नाही.

काल तुम्ही माह्या सासरी आले, पण मले भेटायले नाही. तुमच्या कॉलेजात शिकणाऱ्या माह्या नणंदेले, वत्सलाले, खो-खोच्या संघात मागायले आले. मी दाराआडून ऐकून राह्यली होती. "माह्या पोरीसारखी सांभाळीन," म्हणले तुम्ही.

तुम्ही कॉलेजचे अध्यक्ष झाले तेव्हा मैदानावर ढोरं चरत होते. असंच घरोघरी जाऊन तुम्ही पोरी जमवल्या, नागपुरातून ढाल जिंकून आणली. चिखलीत तुमची मिरवणूक निघाली. त्या पोरीयले सरबत कोण देत होतं, बाबा? मी! त्या साऱ्यांपेक्षा जोरात पळणारी मी. मी खेळू काय म्हणलं, तर तुम्ही डाफरले, "अध्यक्षाची पोरगी चार लोकांत पदर खोचून पळते काय?"

तुम्ही गेल्यावर मामंजीनं विचारलं, "सूनबाई, पाठवू काय वत्सलाले?"

मी म्हणलं, "हाव, बिनधास्त पाठवा. फक्त बाबाले सांगा, तिले आपली पोरगी समजू नका."

तुमची, घरात ठेवलेली,
कोकिळा