साबणानं न्हालेलं करडू

१२ जानेवारी १९७४
वैरागच्या बाजारातनं डोंगर चढून घरी आले तर चंद्री व्यालेली! दोन करडं. एक बोकड, एक पाठ, म्हंजी मादी. पाठ मागनं आली म्हणून ती धाकटी. दुष्काळात सगळी शेरडं गेली, ही चंद्रीच तेवढी उरली, तिनं आज गोठा भरला. लई आनंद झाला. बाजारातला गूळ तिलाच चारला. दगडूचा च्या आता बिनगुळाचा. नातू हाय, बसंल बोंबलत.

त्याची बायकू शारदा एकटीच घरी हुती. सोलापूरची पोर, लगीन होऊन दोन म्हयनं. शेळी व्याताना जल्मात बघितली न्हवती, पर भ्याली न्हाय. (पुढं नुसतं शा. लिहिते. बोटं दुखत्यात.)

सांजच्याला
घोटाळा झाला. चंद्री बोकडाला पाजती, धाकटीला हुंगती आन् शिंगानं ढकलती. शा.ला इचारलं, काय केलंस?
"काही नाही आजी. चंद्री बोकडाला चाटत होती, तोवर हिला ऊन पाण्यानं आंघोळ घातली. किती चिकट होती! माझा वासाचा साबण लावला."
कपाळाला हात लावला, आन् मग हसू आवरंना. पोरी, शेळी लेकराला वासानं वळखती. तू तेवढाच धुतलास! शा. हसली न्हाय. डोळं भरलं तिचं.
तिची काय चूक. माणसाच्या लेकराला घालत्यात, तिनं करडाला घातली.

१३ जाने.
चीक पिळून कापडाच्या बोळ्यानं पाजला. पर बोळ्यावर किती दिस. आई पायजे. चंद्रीचाच चीक धाकटीच्या अंगाला, शेपटाला चोळला, वर मीठ. मिठासाठी तरी जीभ लावंल. लावली की. मीठ सरलं तशी लाथ.
दगडू म्हणतोय, "आजी, आता पावडर लावू का करडाला?"
म्हणलं, तू पेंड समजून बियाण्याची ज्वारी म्हशीला चारलीस, ते सांगू का तुझ्या बायकूला? वैरण टाकायला पळाला.

१४ जाने. संक्रांत
शा.ची पैली संक्रांत. काळं लुगडं नेसली आन् जाऊन गोठ्यात बसली. धाकटी मांडीवर. दोघी काळ्याभोर. मी दारातनं बघत हुबी ऱ्हायले, तीळ करपलं.
आमच्या घरात नव्या सुनेला पैल्या संक्रांतीला पाठ देत्यात. मला सासूनं दिली हुती. ती माझी एकटीची, नवऱ्यानं सुद्दा इचारल्याबिगर तिचं दावं सोडायचं न्हाय. सासू लई तापट, पर त्या दिशी शेळीला हळद लावताना हसली हुती. तर धाकटी शा.लाच द्यायची हुती. सांगितलं न्हाय अजून. मरायला टेकलेलं जनावर वाण म्हणून कसं देऊ

१६ जाने.
शेजारच्या सोनाबाईचं कुत्रं आणलं. कुत्रं बघितलं की शेळी पिलाम्होरं हुबी ऱ्हाती, मग पिलू कुणाचं ते बघत न्हाय. सोनाबाई म्हणाली, "म्हातारं हाय गं, झोपंल तितंच." झोपलंच! चंद्री त्याला हुंगून आली. मग शा.नं काडी टोचली, ते भुंकलं, आन् चंद्री खूर आपटून दोनी पिलांच्या आडवी. तेवढ्यात धाकटी खालनं शिरली. शेपूट हलाय लागलं. पेली!
शा. माझ्या गळ्यातच पडली. आजेसासूच्या गळ्यात कोण पडतंय? पडली की. बरं वाटलं.

१७ जाने.
कुत्रं त्याच्या घरी गेलं. चंद्रीनं सकाळी पाजलं, दुपारी परत ढकललं. धाकटीचं पोट खपाटीला. बोळा बी वडंना नीट. शा.नं ताट तसंच सारलं. म्हणती, "माझ्यामुळं झालं आजी."
मग सांगितलंच. म्हणलं, ही पाठ तुझी हाय. संक्रांतीचीच. मीच भ्याले द्यायला.
तिनं धाकटीकडं बघितलं. मग म्हणाली, "आणि नाही जगली तर?"
"तरी तुझीच."
हळदीचा डबा मागितला. धाकटीच्या कपाळाला बोट लावलं आन् तिला घिऊन चंद्रीकडं गेली. अजून आली न्हाय. भाकरी गार व्हायली. हाक मारत न्हाय मी.