अडीच गोलांची सुट्टी

बाबा, अडीच गोल म्हणजे काय ते मला परवा कळलं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या माझ्या स्वयंपाकघरात, दोन्ही हात कणकेत असताना, आणि तेही तुमच्या नातवाकडून, जो माझ्याशी मराठीत दोन वाक्यं धड बोलत नाही. तेव्हापासून मी तुमच्यावर इतकी चिडलेय की काय सांगू. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, आता चिडून काय उपयोग, असं हे म्हणतात. ह्यांचं काय जातंय म्हणायला! हे माझ्याबरोबर कॉलेजच्या त्या खिडकीपुढे रांगेत उभे नव्हते.

तुम्हाला सगळं माहीतच आहे, पण मला पहिल्यापासून सांगू दे, नाहीतर माझा राग मध्येच भरकटतो. माझी बारावी झालेली. आपण करामाच्या त्या दोन खोल्यांत राहतोय, एसी सुरू केला की ट्यूबलाइट मंद होते. जुलैत पुण्याला माझी अ‍ॅडमिशन, आणि तुम्ही वर्षभर म्हणताय, "मी येणार. फॉर्म, हॉस्टेल, गादी, बादली, सगळं करून देणार, मगच परत फिरणार." तुमच्या ऑफिसात अकाउंट्सला तुम्ही आणि वसईचे अंकल असे दोघंच, त्यामुळे एका वेळी एकालाच सुट्टी. त्या वर्षी दोघांनाही जुलैच हवा होता. तुमच्या इजिप्तच्या मॅनेजरने हात झटकले, "यल्ला, चला, आपसात ठरवा." तुमच्या ऑफिसात आपसात ठरवायची रीतही काय, तर पैज! पैशाची पैज लावली तर व्हिसा जाईल, म्हणून तुम्ही मंडळी शुक्रवारची, म्हणजे सुट्टीच्या दिवसाची ड्यूटी लावायचात, एसीसमोरची खुर्ची लावायचात आणि सुट्टीचा महिना लावायचात. क्रिकेटची लावली असतीत तर निदान आम्हाला काही कळलं तरी असतं. पण तेव्हा सगळ्यांना इंग्लंडच्या फुटबॉलचं वेड लागलेलं, म्हणून शनिवारच्या मॅचवर जुलै लावलात. अडीच गोलांच्या वर की खाली. तुम्ही म्हणालात वर, अंकल म्हणाले खाली.

तो शनिवार मला लख्ख आठवतो. तुम्ही खालच्या कॅफेटेरियात मॅच बघून वर आलात, चपला काढल्यात आणि म्हणालात, "हरलो." आई आमटी वाढत होती, तिचा हात थांबला. मी म्हटलं, "हरलात म्हणजे? किती गोल झाले?" तुम्ही म्हणालात, "दोन-एक. आपली टीम जिंकली, पण मी हरलो." आणि मग तुम्ही ताटातल्या दोन वाट्या शेजारी शेजारी मांडल्यात. अजून डोळ्यांपुढे आहेत त्या वाट्या, एकीत आमटी, एकीत काकडीची कोशिंबीर. "हे बघ. आपल्या टीमने किती घातले? दोन. मी काय म्हटलं होतं? अडीचच्या वर. दोन अडीचच्या वर आहेत का? नाहीत. खलास." आई म्हणाली, "अहो, पण अर्धा गोल घालतं कोण?" तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "तो नुसता हिशोबासाठी असतो." दुसऱ्या दिवशी तर वर पेपर आणून तो स्कोअर मला बोटाने दाखवलात. दोन-एक. पुरावा नाकासमोर धरून खोटं बोलणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. अर्थात खोटं बोलताय हे तेव्हा कुणाला ठाऊक! मला एवढंच दिसत होतं, की माझ्या बापाने माझी अ‍ॅडमिशन पैजेवर लावली आणि घालवली.

जुलैत आई आणि मी गेलो. एअरपोर्टवर मी तुम्हाला काय म्हणाले ते मी विसरलेले नाही. म्हणाले, "पत्ते कुटणारे बाप ऐकले होते. पोरीला पैजेवर लावणारा पहिलाच बघितला. जुगारी." आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. तुम्ही ट्रॉलीचं चाक सरळ करत म्हणालात, "पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव, शोधाशोध होते." पुण्याला कॉलेजच्या खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, "वडील कुठे आहेत?" दुबईला. "मग त्यांना घेऊन या. बाहेरून आलेल्यांना वडिलांचीच सही लागते, आईची चालत नाही." आई चार वेळा त्याला "अहो साहेब" म्हणाली. कागद कुरिअरने तुमच्याकडे गेले, तुमची सही घेऊन परत आले, तोवर हव्या त्या कॉलेजची यादी बंद. दुसऱ्या कॉलेजात गेले. त्याने माझं काही वाईट झालं नाही, हे कबूल. पण हॉस्टेलची गादी मी आणि आईने रिक्षात उभी धरून नेली, आणि सबंध रस्ताभर मी तुमच्या नावाने बोटं मोडत होते.

नोव्हेंबरात तुम्ही आलात, खजुराचे चार डबे घेऊन. मी नीट बोलले नाही. पुढे बोलायला लागले, पण ते अडीच गोल काही सोडले नाहीत. कुणाचं लग्न असो, मुंज असो, चार माणसं जमली की माझं सुरू, "आमच्या बाबांचा हिशोब ऐकलात का? अकाउंटंट माणूस, अर्ध्या गोलाने पोरगी हरला!" सगळे हसायचे आणि तुम्हीही हसायचात. तुम्हाला एकदाही वाटलं नाही का हो, की हिला आता गप्प करावं? मी तिसऱ्या वर्षाला असताना ऑफिसातच तुमच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं. ती गंमत मी त्यानंतरही सांगत राहिले. मेलेल्या माणसाची गंमत प्रेमाने सांगतात ना, तशी.

परवाही तेच. लेक टीव्हीवर फुटबॉल बघतोय, त्यातला एक जण "ओव्हर टू पॉइंट फाइव्ह" की काय म्हणाला, आणि मी कणीक मळता मळता कडाडले, "बंद कर ते! तुझ्या आजोबांनी ह्याच्यापायी माझं वाटोळं केलं." आणि सांगितली गंमत, वाट्यांसकट. त्याने मान वर केली. "बट मम्मा, दॅट्स थ्री." मी म्हटलं, काय थ्री? "टू प्लस वन. दोन्ही टीम्सचं टोटल असतं. कोण जिंकलं डझन्ट मॅटर." मग अर्धा कशाला, तर म्हणे बरोबरी होऊ नये म्हणून. सगळे मिळून दोन झाले की खालीवाला जिंकला, तीन झाले की वरवाला, मध्ये लटकायला जागाच नाही. एवढं सोपं! दहा वर्षांच्या पोराला कळेल. आणि मग म्हणाला, "सो आजोबा वॉन, मम्मा."

मी तशीच कणकेच्या हातांनी खुर्चीत बसले. आधी वाटलं, अरे देवा, ह्या माणसाला आपण जिंकलो हेच कळलं नाही! आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे जुळवले आणि स्वतःचे दोन आणि एक जुळवता आले नाहीत! पण तुम्ही आणि बेरीज चुकणार? छे. मग वाटलं, अंकलना तर कळलंच असणार. आणि ते गप्प बसले? माझा जुलै ढापून मजेत वसईला गेले? आईला विचारलं तर तिचं ठरलेलं, "मला काय कळतंय त्यातलं." म्हणून काल दुपारी जुन्या डायरीतून नंबर काढला आणि सरळ वसईला फोन लावला. भांडायच्या तयारीनेच.

एका मुलीने उचलला, आवाज चांगला ठणठणीत. "डॅडी, दुबईचा फोन!" अंकल आता हळू बोलतात, पण मी कोण ते लगेच ओळखलं. मी आडपडदा ठेवलाच नाही. "अंकल, ती मॅच बाबा जिंकले होते ना?"  मग म्हणाले, "जिंकला होता गे. तिसरा गोल झाला तेव्हा कॅफेटेरियात टेबल वाजवत होता." आणि मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या बायकोला लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले होते, जुलैची तारीख. त्याआधी दोनदा पोटातलं गेलं होतं, म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, मॅनेजरलाही नाही आणि तुम्हालाही नाही. मॅच संपल्यावर रस्त्याने चालताना त्यांना रडू आलं, तेव्हा तुम्हाला कळलं. "मी नको म्हटलं. पैज म्हणजे पैज. तर माझ्यावरच ओरडला, आधी बोलला असतास तर पैज कशाला लावली असती, गाढवा! मी म्हटलं, घरी काय सांगशील? पोरगी वाट बघते तुझी. तर म्हणतो, हरलो म्हणून सांगतो, आमच्या घरात फुटबॉल कुणाला कळतंय!"  मग म्हणाले, "आत्ता फोन उचलला ना, तीच ती."

बाबा, काय म्हणू मी तुम्हाला? तुम्ही सुट्टी दिलीत, ठीक आहे, थोर आहात. पण मला सांगायला काय झालं होतं? मी तुम्हाला एअरपोर्टवर जुगारी म्हणाले, तेव्हा सांगायचं. नोव्हेंबरात सांगायचं. ती मुलगी रांगायला लागली, चालायला लागली, तेव्हा तरी सांगायचं. मला असं चार लोकांत तोंड वाजवू दिलंत! वर स्वतः हसलात! हा कसला चांगुलपणा, की ज्याने माणसाला नंतर तोंड लपवायला जागा राहू नये? कालपासून माझी नुसती चिडचिड चाललीय. ह्यांनी दोनदा चहा करून दिला, तोही गार झाला.

हे मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. याची प्रिंट काढणार नाही, आईला वाचून दाखवणार नाही, आणि स्क्रीनवरची ही खिडकी सेव्ह न करता बंद केली की हे पुसलं जाईल. म्हणून एवढं लिहिते. काल रात्रीपासून मी स्वतःला सांगतेय की तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी हसत म्हटलं असतं, जाऊ द्या अंकलना, बाळ येतंय. बाबा, मी तसं म्हटलं नसतं. मी थयथयाट केला असता. त्यांच्या बाळाचं मला काय, माझा जुलै आहे, असं म्हटलं असतं आणि तुम्हाला यायला लावलं असतं. तुम्ही मला ओळखून होतात, म्हणूनच विचारलं नाहीत.