मागच्या ओळीची खोली

मी, मनकर्णा बेवा मनसाराम मारबते, वय अंदाजे सत्तेचाळीस, जात ढिवर, धंदा मासोळ्या धरणे व पोहे कांडणे, राहणार मौजा बोरटोला, सिंदेवाहीजवळ, जिल्हा चांदा, आज पुऱ्या शुद्धीत, कोणी मागे न लागता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. कायद्याचे शब्द अर्जनवीस लटारूभाऊंनी सांगितले. बाकीचे माझे आहेत. मी दुसरीपर्यंतच शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कोणी काढत बसू नये.

माझ्या पोटात गोळा आहे. येत्या सोमवारी नागपूरला तो कापून काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, भिऊ नका. मी भीत नाही. पण मी परत आले नाही तर शाळेच्या खोलीचे काय होईल ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

कलम पहिले. राहते घर माझी मुलगी चंदा हिला द्यावे. ती अहेरीला मास्तरीण आहे. इथे राहायला येणार नाही हे मला माहीत आहे. तरी सुटीत पोरीला स्वतःच्या दारात उतरता आले पाहिजे.

कलम दुसरे. डोंगा व दोन्ही जाळी भाचा चैतू याला. बारीक विणीचे जाळे त्याने पावसाळ्यात तलावात टाकू नये. पिल्ले धरणाऱ्याला मी ढिवर म्हणत नाही.

कलम तिसरे. पोहे कांडायची ढेकी माझी जाऊ गिरजा हिला. शाळा भरली असताना ती चालवायची नाही. कारण खाली येते.

कलम चौथे. घराला लागून असलेली एक खोली. नवरा वारल्यावर मी स्वतः माती तुडवून बांधली. तेरा वर्षे तीत शाळा भरते. ती खोली शाळेलाच राहावी. ती माझी सगळ्यात मोठी कमाई आहे, म्हणून तिची हकीकत नीट लिहिते.

चंदा नऊ वर्षांची होती. भैयाजी गुरुजी वर्ध्याकडून नवीन आले होते. त्यांनी पुस्तकातल्या चित्रावर छडी ठेवून विचारले, "हे काय?" चित्र नळाचे होते, न अक्षराचे. बोरटोल्यात नळ कोणी पाहिला? वाकडी मान, खाली चोच. चंदा म्हणाली, "बगळा." अक्षर विचारले तर म्हणाली, "ब." गुरुजींनी हातावर दोन छड्या दिल्या. घरी येऊन मला विचारते, "आई, बगळ्याले न काऊन म्हणतेत?"

पुढे गुरुजी मला म्हणाले, "पोरगी ढ आहे, मनकर्णाबाई. पोहे कांडायला लावा." हाच शब्द माझ्या वेळच्या गुरुजींनी माझ्या बापाला माझ्याबद्दल सांगितला होता. बापाने ऐकला. मी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी जाळे विणायला घेऊन मी खोलीत मागच्या ओळीत जाऊन बसले. आमची पोरे दाराजवळ मागेच बसवत, अंगाला मासोळीचा वास येतो म्हणून. खोली माझी, तेव्हा मला ऊठ म्हणायची गुरुजींची हिंमत झाली नाही. तीन दिवस बसले. तिथून फळा दिसत नाही. दारातले ऊन थेट फळ्यावर पडते आणि मागे नुसती चकाकी येते. ऐकूही येत नाही. भिंतीपलीकडे गिरजा ढेकी चालवत होती, गुरुजींचे नुसते तोंड हलताना दिसे. म्हणजे माझ्याच ढेकीने माझ्याच पोरीचे कान बंद केले होते. ते पहिल्याच दिवशी कळले, आणि त्याच दिवशी ढेकी उपटून परसाच्या पार टोकाला नेली. गिरजा आठ दिवस बोलली नाही. न बोलू दे.

आणखी एक केले. गुरुजी कोणाला प्रश्न विचारतात ते जाळ्याच्या सुताला गाठी मारून मोजले. तीन दिवसांत पुढच्या ओळीच्या सुताला एकवीस गाठी. मागच्या सुताला एक, आणि तो प्रश्न होता, "आज वास कोणाचा येतो?"

दोन्ही सुते मी गुरुजींच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुमचे प्रश्न हायेत, गुरुजी. हे पाटलाच्या पोराइचं. हे आमच्या पोराइचं."

"मनकर्णाबाई, शाळा मी घेतो की तुम्ही?"

"तुमीच घ्या. पण सगळ्याइची घ्या."

चार दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. तेवढ्यात मी सब्बल घेऊन उत्तरेच्या भिंतीला खिडकी पाडली आणि फळा बाजूच्या भिंतीला टांगला. सोमवारी गुरुजींनी मागची ओळ पुढे बसवली. तेव्हापासून दर सोमवारी ओळी फिरतात. चार वर्षांनी आमच्या ढिवरांची पाच पोरे चौथी पास झाली. त्याआधी एकही झाले नव्हते. त्यातली एक चंदा. आज ती अहेरीच्या पोरांना चित्र दाखवून आधी विचारते, "तुमच्या घरी याले काय म्हणतेत?"

कलम पाचवे. म्हणून अटी. खिडकी बुजवू नये. ओळी दर सोमवारी फिराव्या, गुरुजी कोणीही येवो. चंदाने वर्षातून तीन दिवस मागे बसून गाठी मोजाव्या. माझा पितळेचा गडवा भैयाजी गुरुजींना पोचता करावा. आम्ही भांडलो, पण ऐकणारा माणूस होता.

कलम सहावे. माझा दीर देवाजी म्हणतो, "वहिनी, खोली तुही, पण जागा माह्या बापाची. तू गेली का मी इथी धान भरीन अन् खिडकी बुजवीन. उंदरं येतेत." मी म्हटले, उंदरं दारातून येतेत. पण जागेचे तो खरे बोलतो. त्याची संमती नसेल तर वरची दोन कलमे फुकट आहेत. संमती दे म्हटले तर म्हणतो, "मले वाचता येत नाई. लटारू तुह्या बाजूचा. माह्या घरचं कोणी वाचून दाखवन त आंगठा देतो." आपल्या घरात वाचणारे कोणी नाही, अशी त्याची खात्री होती. त्याची नात सुकरी शाळेत सावलीत बसायला जाते, असे तो समजत होता.

काल इथपर्यंत लिहिलेला हा कागद त्याच्या अंगणात नेला. सुकरीने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. देवाजी म्हणाला, "हे हिले पढवून आणलं." मग त्याने स्वतःच कागदावर मधेच बोट ठेवले. "इथी काय हाय?"

"ढेकी."

"अन् इथी?"

"खिडकी बुजवू नये."

तिसऱ्यांदा त्याने खाली बोट टेकवले.

"देवाजी," सुकरी म्हणाली. "आजा, हे तुहं नाव हाय."

त्याने बोट काढले नाही. मग म्हणाला, "शाई आणा."

येणेप्रमाणे लिहिले ते माझ्या मनातले आहे. यापेक्षा वेगळे कोणी सांगेल तर त्याला हा कागद दाखवावा.

मुक्काम बोरटोला, दिनांक ११ डिसेंबर १९५८

सही : मनकर्णा मारबते, दस्तूर खुद्द

साक्षीदार :
१. लटारू, अर्जनवीस, सिंदेवाही
२. ताराबाई, राहणार बोरटोला, सही स्वतःची

कलम चार व पाच यांस संमती देणार : देवाजी मारबते, डाव्या हाताचा आंगठा
आंगठ्यापुढे नाव लिहिले, दस्तूर सुकरी, इयत्ता तिसरी