कबरीवरचा पाव

९ डिसेंबर
कितीतरी दिवस वही पिशवीच्या तळाशी. मुद्दामच काढली नाही – लिहिलं की खरं होतं. तर लिहून टाकते. आमोस म्हातारा गेला.

तो जात होता तेव्हा मी कुठे? उत्तरेत, एका जुन्या हवेलीत, राजा एक रात्र झोपला होता तो पलंग बघत! पलंगाभोवती दोरी. खुर्च्यांवर वाळकी काटेरी बोंडं – कोणी टेकू नये म्हणून. मेलेल्यांच्या खुर्च्यांना किती जीव लावतात! शिवाय धुराड्यात चिणलेला एका पोराचा बूट, काचेत ठेवलेला. चेटूक घरात शिरू नये म्हणून चिणायचे म्हणे. त्या बुटापुढे उभी होते, तेवढ्यात विनी आत्याचा फोन. "हेटी, आमोस गेला गं. आता पाव कोण उचलणार?"

११ डिसेंबर
एल्डरविकला आले. आत्याने मला वाढवलं ते याच घरात. चर्चसमोर गरिबांसाठी बांधलेली चार घरं, त्यातलं शेवटचं. छप्पर गळतं. त्याला कोणी दोरी लावत नाही.

बांधणारा शेकडो वर्षांपूर्वीचा कुणी धनाढ्य. मरताना अट घालून गेला – दरवर्षी सेंट थॉमसच्या दिवशी, २१ डिसेंबरला, चर्चमधल्या माझ्या कबरीवर पाव ठेवा. या गावात जन्मलेल्या माणसाने तो अंधार पडायच्या आत उचलावा. कोणी उचलला नाही, तर घरं माझ्या वंशजांना परत.

पुण्य केलं, तेही अटीवर!

आजवर आमोस उचलायचा. तो याच गावात, गोठ्यामागच्या खोलीत जन्मलेला. आम्ही बाकी सगळे शहरातल्या इस्पितळात – मीसुद्धा. आत्या तर नदीपलीकडची.

१४ डिसेंबर
दारोदार हिंडले. अर्ध्या घरांना कुलूप, शनिवार-रविवारच्या लंडनकरांची. एकाने दार उघडलं. "इथे जन्मलेलं? आमचा कुत्रा आहे की!"
मीही हसले. कोपऱ्यावर गेल्यावर रडू आलं.

१७ डिसेंबर
चर्चच्या व्हिकर बाईंना म्हटलं, "मी इथे जन्मले असं सांगून टाका ना."
"मी सांगेन गं. देव माफही करेल. थ्रॉली करेल का?"
थ्रॉली म्हणजे तो वंशज. लंडनहून येणार आहे, जातीने.
बाईंशी भांडायला गेले होते, पण चर्चच्या खांबावरच्या कोरीव माणसाने अडवलं. गाल धरून बसलाय, दात दुखतोय. पिढ्यान् पिढ्या दुखतोय बिचाऱ्याचा! दुपार तिथेच गेली. मी ही अशी.

२० डिसेंबर
पाऊस. नदी फुगलीय. मी आत्याच्या कपबशा खोक्यात भरल्या, तिने परत फळीवर मांडल्या. "इथून निघेन ती आडवीच."

२१ डिसेंबर, सकाळ
पाव ठेवला. थ्रॉली चर्चमध्ये पहिल्या बाकावर थर्मास घेऊन बसलाय. राखण करतोय!
"वाईट वाटतं मलाही," म्हणाला. "पण घरं चांगली दुरुस्त करू. लोक बघायला येतील. इतिहास जपायला हवा."
"आणि आत राहणारी माणसं?"
थर्मासचं झाकण लावत बसला.
घरी आले तर आत्या त्याच्यासाठी केक कापतेय.
"अगं, तो तुला रस्त्यावर काढायला आलाय!"
"म्हणून त्याने उपाशी बसायचं? मूर्ख कुठली."
गेली ताटली घेऊन. पूल पाण्याखाली गेलाय म्हणे. बरं झालं, बसू दे इथेच अडकून.

२१ डिसेंबर, दुपार
थ्रॉलीच्या गाडीत मागे त्याची लेक होती. मला दिसलीच नव्हती, आत्याला दिसली – घामाघूम, दाराचं हँडल घट्ट धरून. नववा नुकता लागलेला. अँब्युलन्स नदीपलीकडे उभी, अलीकडे यायला वाट नाही. फोनवर दाई सांगत गेली, आत्या करत गेली, मी पाणी तापवत राहिले.

मुलगी झाली. आत्याच्या पलंगावर. एल्डरविकमध्ये!

थ्रॉली नातीला बघून रडतोय. त्याची लेक म्हणतेय, "पप्पा, मग रडा. आधी तिला शालीत गुंडाळा आणि समोर चर्चमध्ये घेऊन जा."

बाहेर अजून उजेड आहे.