शैमाच्या घरची फुगलेली जमीन

अलेक्झांड्रिया, ४ नोव्हेंबर १९७८

चि. रिदवान यास ताईचा सलाम व अ. आ.

भावा, तू शैमाच्या नव्या घरात बसवून गेलेली लाकडी जमीन फुगली आहे. काल भर दुपारी ती गोळी सुटावी तशी कडाडली आणि माझी पोरगी अनवाणीच रस्त्यावर पळाली. विहीणबाई नाझली म्हणतात, जागेत जिन आहे, लग्न थांबवा. दमिएटाच्या सुतारांच्या एवढ्या फुशारक्या मारतोस, आता सांग काय करू ते.

माया आहेच, ती या संकटात आटू देऊ नकोस.
तुझी इन्साफताई

दमिएटा, ८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. व सलाम.

पत्र वाचून हातातला रंधा बाजूला ठेवला. जमीन बसवण्याआधी काँक्रीटवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून रात्रभर ठेवला होता, सकाळी त्याखाली दव नव्हतं. मगच जाड प्लास्टिक अंथरलं, सांधे बंद केले, लाकडाला फुगायला भिंतीशी बोटभर फट सोडली. मग ओल वर आली कुठून? मीच चुकलो असेन तर भाचीचं लग्न माझ्या हातून मोडेल, हीच भीती वाटते. दाराजवळची एक फळी उचलून बघ. आणि खरं सांग, मी जेवायला गेलो असताना प्लास्टिकला कुणी हात लावला होता का?

धाकट्यावर लोभ ठेव, रागावलीस तरी.
रिदवान

अलेक्झांड्रिया, १३ नोव्हेंबर

चि. रिदवान यास अ. आ.

हात मीच लावला होता रे. सुरीने प्लास्टिक फाडून मूठभर खडेमीठ खाली टाकलं. नाझलीबाईंची नजर वाईट, आणि दृष्टीचं मीठ घराच्या जमिनीला टेकायलाच हवं ना! त्या मिठाने ओल ओढली आणि फाटक्यातून ती वर आली. तू मला ओरडशील म्हणून गप्प बसले होते.

काल नाझलीबाईंच्या देखत फळी उचलली. मीठ पाझरत होतं. मी मान खाली घातली. पण जमीन खिडकीपाशीही फुगली होती आणि तिकडे मी फिरकलेच नव्हते. तिथलीही फळी काढली. तिथेही प्लास्टिक फाडलेलं, तिथेही मीठ, माझ्या दुप्पट! नाझलीबाई पुटपुटल्या, तुमची नजर लागू नये म्हणून मीही टाकलं.

मला हसू फुटणार, तेवढ्यात शैमाकडे लक्ष गेलं. ती म्हणाली, जिनाची भीती गेली, आता तुम्हा दोघींची वाटते. मामा नवी जमीन घालेल तेव्हा दार आतून बंद ठेवेन.

लवकर ये. घराची किल्ली तिने माझ्याकडून काढून घेतली आहे.

तुझी माया मागायला तोंड नाही, तरी मागते.
इन्साफताई