माथ्याची शिवण

तारीख सतरा, गुरुवार
सकाळी, चहा झाल्यावर

माझ्या लेकीस आईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे, त्याची चौकशी करू नकोस, तो कुणाचं ऐकत नाही. जावईबापूंचा खोकला गेला असेल तर उत्तम. गेला नसेल तर त्यांना सांग, औषध आणि सिगारेट एकाच तोंडानं घेतल्यावर औषध तरी काय करील बिचारं. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोन मध्येच ठेवता येतो. पत्र फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत. चौथीपर्यंतची शाळा, त्यातलं अर्धं वर्ष गोवरात गेलं. सावकाश वाच.

चार महिन्यांपूर्वी तू माझ्या खोलीत उभी राहून तुझ्या पोरीला, आपल्या उंटिणीला, जे बोललीस ते मला पाठ आहे. "ऑफिसातली खुर्ची सोडून तंबू शिवणार ना? मग स्वतः शिवलेल्या पालात समुद्रावर चार दिवस राहून दाखव. पाल पडलं तर गुपचूप परत खुर्चीवर बसायचं. टिकलं तर मी एक शब्द बोलणार नाही." समुद्रावर का, तर तिथं वारा असतो हे तू टीव्हीवर पाहिलेलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणालीस, "हिला पंच म्हणून ने. पण ही खरं सांगेल याची मला खात्री नाही."

त्यानंतर तू आणखी एक वाक्य बोललीस आणि दार आपटून गेलीस. ते वाक्य तूर्त राहू दे.

तर आम्ही जाऊन आलो. पंच म्हणून सगळं लिहिते, आणि खरं लिहिते.

माझ्याकडून तीन ताडपत्र्या शिवून नेलेला एक ट्रक ड्रायव्हर तिकडं माल घेऊन चालला होता. त्यानं केबिनमध्ये बसवून नेलं. उंटीण तीन घड्या घालून बसली होती, तरी डोकं टपाला लागत होतं. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, नातीला झोपवून मागं मालावर बांधू का?" ती म्हणाली, "बांधा, पण ताडपत्री आजीनं शिवलेली घाला, भिजायला नको." मला हसू आलं, पण मी खिडकीबाहेर बघितलं. पोरांसमोर फार हसलं की ती डोक्यावर बसतात.

समुद्र पाहिला. पाणीच आहे. पण सारखं कामात असतं, बसून राहत नाही, ते मला आवडलं. दीपगृह पाहिलं. एकशे चाळीस पायऱ्या आहेत असं खाली लिहिलंय. मी सत्तर चढून बसले आणि उतरणाऱ्या सगळ्यांना विचारलं वर काय आहे. सगळे म्हणाले समुद्र. तो मला सत्तराव्या पायरीवरूनही दिसत होता. मिठाच्या वाफ्यांवरही गेलो. तिथल्या बायका उन्हात फळीनं मीठ ओढतात, आपण अंगण झाडावं तसं. त्यांच्या पायांकडे बघून मी माझ्या पायांबद्दलची तक्रार दोन दिवस बंद ठेवली.

आता तंबूचं.

शिवण तिची. कापणं तिचं, माप तिचं. शिवून झाल्यावर तिनं तो गच्चीवर ताणून दोनदा भिजवला आणि दोनदा वाळवला, म्हणजे सुईच्या भोकांत दोरा फुगून बसतो आणि पाणी आत येत नाही. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मला विचारलंही नाही. मी सांगायला गच्चीवर गेले तर झालेलं होतं.

चूक झाली ती माझी. "लोखंडी खुंट्या घे, सोळा घे, मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे," असं मी छाती ठोकून सांगितलं. चाळीस वर्षं मी ताडपत्र्या ट्रकवर बांधल्या, गोदामावर बांधल्या, कठीण जमिनीवर खुंट्या ठोकून बांधल्या. वाळूवर कधी बांधली होती? पहिल्या दिवशी वारा नव्हता, म्हणून खुंट्या शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून हात धुतो न धुतो तोच समुद्राकडून वारा सुटला आणि माझ्या सोळाच्या सोळा खुंट्या लोण्यातून सुरी निघावी तशा वर यायला लागल्या. मी एकीवर बसले. हो, बसले. दुसरा उपाय सुचला नाही.

शेजारी कॉलेजातली चौघं होती, दुकानातला निळा-पिवळा तंबू घेऊन आलेली. तो तंबू उठला आणि चेंडूसारखा गडगडत किनाऱ्यानं निघाला. मागून एक पोरगा, अंगाला साबण लावलेला, धावत गेला.

मला वाटलं, संपलं. उंटीण गेली खुर्चीवर. आणि तिला खुर्चीवर धाडणार मी, माझ्या खुंट्यांनी.

ती मात्र ओरडली, "आजी, पिशव्या काढ."

"कसल्या पिशव्या?"

"तुझ्या. सगळ्या."

माझ्या पिशव्या तुला ठाऊक आहेत. उरलेल्या तुकड्यांच्या शिवते, आणि तू मला त्यावरून पिशवीबाई म्हणतेस. अकरा होत्या. तिनं एकेक पिशवी ओल्या वाळूनं गच्च भरली, तोंडाला दोरी आवळली, हातभर खोल खड्डा केला, पिशवी आत पुरली, वर वाळू दाबली आणि तंबू त्या दोरीला बांधला. एका कोपऱ्याला, मग समोरच्या, मग मधल्या. मी नुसती भरलेल्या पिशव्या ओढत होते आणि तिच्या शिव्या ऐकत होते. तुझ्या मुलीला बऱ्याच शिव्या येतात, ऑफिसात शिकली असावी.

मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. खुंटीला वाळू धरत नाही, तर वाळूचीच खुंटी करायची."

अगं, चाळीस वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मी तिला तसं म्हणाले नाही. "गाठ नीट मार," एवढंच म्हणाले. पण तुला लिहिते.

तिसऱ्या दिवशी वारा त्याहून वाईट होता. ती साबणवाली चौघंसुद्धा आमच्या तंबूत येऊन बसली. किनाऱ्यावर तंबूंना जागा भाड्यानं देणारा कॅम्पवाला सगळीकडे फिरून आमच्यापाशी थांबला. सगळा जोर माथ्यावर येतो, दोन्ही उतार खाली ओढत असतात, म्हणून तो माथ्याच्या शिवणीवर बोट फिरवून बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, कुठल्या कंपनीचा?"

मी म्हणाले, "उंटीण कंपनीचा. मालकीण आत अंडी उकडतेय."

त्यानं तसा एक शिवून मागितलाय. आधी एक, मग बाकीचे.

चौथ्या दिवशी आम्ही तो आमच्या हातानं उतरवला. वाऱ्यानं उतरवला नाही. हा निकाल. पंच म्हणून एवढं मात्र सांगायला हवं की दाराची पट्टी चार बोटं उसवली. ती पट्टी हट्टानं मी शिवली होती. वर्षभर मला सुईचं भोक दिसत नाही, अंदाजानं ओवते, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या हातची एक शिवण हलली नाही.

एक मात्र तिच्याही हातची नव्हती.

कापड माथ्याला कमी पडलं, तेव्हा मी माझ्या ट्रंकेतून एक जुना जाड तुकडा काढून दिला. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेला, सहा हात लांब, मधोमध शिवण घातलेला. तिनं तो उजेडात धरला आणि म्हणाली, "आजी, ही तुझी नाही. तुझी शिवण डावीकडे कलते. ही कुणाची?" मी म्हणाले, "चहा ठेव." समुद्रावरही दोनदा विचारलं. एकदा मी गुडघा दुखतो म्हणाले, एकदा सरळ झोपेचं सोंग घेतलं.

आता तू दार आपटायच्या आधी बोललेलं वाक्य. "माझ्या हाताला शिवण नाही म्हणालीस, आणि माझ्या पोरीच्या हाताला आहे म्हणतेस. तुला माझंच काही कधी चांगलं दिसलं नाही."

तेरा वर्षांची होतीस. मी तापानं घरी पडले होते आणि तू शाळा बुडवून कारखान्यात माझ्या मशीनवर बसलीस. ट्रकच्या ताडपत्रीची मधली शिवण एकटीनं घातलीस आणि तुकडा खांद्यावर टाकून मला दाखवायला आलीस. मी अंथरुणातून उठून बघितलं आणि म्हणाले, वाकडी आहे. तुझ्या हाताला शिवण नाही. उसवून टाकते, तू पुस्तक घे.

वाकडी नव्हती. कारखान्यात तशी कुणाची नव्हती, माझी तर नव्हतीच. तुला चांगली म्हणाले असते तर तू दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच येऊन बसली असतीस. मला तू त्या मेणाच्या वासात आणि कापडाच्या धुळीत नको होतीस. मालकांना मी दुसरं कापड शिवून दिलं आणि तुझं ट्रंकेत ठेवलं. त्यानंतर तू सुईला हात लावला नाहीस, शर्टाचं बटणसुद्धा शिंप्याकडे देतेस. ते मी बघत होते आणि गप्प होते. तू शिकलीस, मोठी साहेबीण झालीस, त्याचा मला गर्व आहे, आणि तेव्हाचं खोटं आज पुन्हा बोलायची वेळ आली तर बोलणार नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ते खोटं होतं. चौतीस वर्षांनी ती शिवण समुद्राच्या वाऱ्यात तीन दिवस ताणलेली होती आणि एक टाका सरकला नाही. मी खाली पडल्यापडल्या मोजून बघत होते.

उंटिणीला अजून सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं.

कॅम्पवाल्याचा तंबू कापून झालाय. उतार शिवले, दार शिवलं, कड्या ठोकल्या. माथा तिनं उघडा ठेवलाय, मी सांगितलं म्हणून. का ते विचारत होती, मी चहा ठेवायला लावला. रविवारी तुला सुट्टी असते. मशीनला तेल घातलंय, सुई नवी बसवलीय, आणि खुर्चीवर उशी ठेवलीय, कारण तुला आता तेराव्या वर्षासारखं फळीवर बसवणार नाही.

ओवून मात्र तूच घ्यायचं. मला दिसत नाही.

तुझी आई,
जिची शिवण डावीकडे कलते