कुंकवाच्या रंगाची अंडी

सक्करदरा, नागपूर
१३ एप्रिल १९७४

प्रिय जया,

तुझ्या लेकरांविरुद्ध गंभीर तक्रार दाखल करतो. माझी चुन्याची डबी सकाळपासून बेपत्ता होती. दुपारी सापडली ती पार रिकामी. चुन्याशिवाय पान म्हणजे नुसता पाला. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला उतारवयात बकरीसारखं चघळावं लागतंय!

तुझ्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी तुम्ही दोघं वेल्लोरला गेल्यापासून रूथ आणि अमोल शहाण्यासारखे होते. काल मात्र रूथने जाहीर केलं, ईस्टरची अंडी रंगवायची, मम्मी दरवर्षी रंगवते. सण तुझ्या सासरचा, पण स्वयंपाकघर तुझ्या आईचं. मी बाजू मांडली की संस्कृतात पक्षीही द्विज आणि आपणही द्विज, म्हणजे अंडी घरचीच. तुझी आई म्हणाली, "मग घरच्यांना अंगणात बसवा." म्हणून आज अंगणात तीन विटांची चूल मांडली.

अंडं किती वेळ उकडतात हे आपल्या सात पिढ्यांत कोणाला ठाऊक? मी तुरीच्या डाळीचा अंदाज धरला. निम्मी तडकली. "आबा, तुमाले काहीच येत नाही का गा?" अमोलने विचारलं. तुला काय येतं म्हटलं, तर म्हणे, "मले खाता येते."

कांद्याच्या सालींनी तपकिरी रंग दिला, होळीच्या उरलेल्या पळसफुलांनी केशरी, हळदीने पिवळा. अंड्यावर मेथीचं पान ठेवायचं, वरून चिंधी आवळायची आणि रंगात सोडायचं, म्हणजे पानाचा पांढरा ठसा उमटतो, ही तुझी युक्ती रूथने मला मास्तरणीच्या थाटात शिकवली. माझी गाठ दरवेळी सुटायची. तुळशीपाशी पाठ फिरवून बसलेली तुझी आई "हात लावणार नाही" म्हणत म्हणत सरकत आली, आणि मग सगळ्या गाठी तिनेच मारल्या.

पण रूथला हवा होता लाल. बिटाने मळकट गुलाबी आला. "लाल काहून नाही झालं, आबा?" म्हणून ती रुसली. तेवढ्यात अमोलने माझी डबी हळदीच्या पातेल्यात उपडी केली, आणि पाणी डोळ्यांदेखत लालभडक! तुझी आई ओरडली, "अगं बाई, कुंकवाची अंडी झाली की वं रूथ!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तुझ्या सासरच्या सणाला आमच्या देव्हाऱ्याचा रंग लागला, आणि दोन्हीकडच्या देवांनी अजून तरी हरकत घेतलेली नाही.

सगळ्यात देखणं लाल अंडं रूथने तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय. ते टिकणार नाही, हे सांगायचा मला धीर झाला नाही. मग तिने विचारलं, "मम्मी नक्की येईल ना?" मी लगेच हो म्हणालो. तुझी आईही माझ्याकडेच बघत होती.

जया, शुक्रवारच्या ऑपरेशनची मला फार भीती वाटते. डॉक्टर चांगले आहेत, सगळं मला कळतं, तरी वाटते. या घरात हे कोणाला बोलता येत नाही, म्हणून तुलाच लिहितो. तू शुद्धीवर आलीस की जावईबापूंना ताबडतोब तार करायला सांग. दोन शब्द पुरेत.

तुझाच,
बाबा